घडीच्या बाई

कागदाला नुसती घडी घालून समोरच्या लेखकाला गार करणं बाईंनाच जमायचं. कथा वाचताना ज्या ओळीवर त्यांचा विश्वास उडे, तिथेच त्या कागद दुमडत. पुढचं वाचायचं नाही. निवृत्त झाल्यावर या विज्ञानाच्या बाई महाडला आपल्या घरीच दरवर्षी विज्ञानकथांची स्पर्धा घेत, आणि ती घडी हाच निकाल. ज्याची घडी सगळ्यांत उशिरा पडे, तो पहिला. बिनघडीची कथा मात्र कुणाचीच परत आली नव्हती. त्यांच्या माघारी आम्ही त्यांना 'घडीच्या बाई' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं.

माझ्या पहिल्या कथेत परग्रहावरचे लोक न्यूयॉर्कला उतरले होते. पोलादपूरहून येऊन मी ती मोठ्या ऐटीत बाईंच्या हातात ठेवली. पहिल्याच परिच्छेदात घडी पडली.

"न्यूयॉर्कला सकाळी दूध कोण घालतं, माहीत आहे तुला?" बाईंनी विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. "मग पोलादपूरला उतरव की त्यांना."

कथेत अचाट गोष्ट एकच हवी, बाकी सगळं रोजच्यासारखं, असा त्यांचा दंडक होता. पुढच्या वर्षी मी यान थेट महाडच्या डेपोत उतरवलं आणि नायिकेला वेळेवर आलेल्या एसटीत बसवलं. एसटी वेळेवर आली म्हणजे दोन अचाट गोष्टी झाल्या, असं म्हणून बाईंनी तिथे घडी घातली.

एमआयडीसीतली पाळी संपवून येणारा आमचा एक मित्र एकदा भडकलाच. "बाई, मंगळावर तुमी पण गेला नाय. मग खोटं हाय ता तुमाला कळलं कसं?"

"लिहिताना तूही गेला नव्हतास," बाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणून कळलं."

घरी येऊन कागद उलगडला की मी थक्क व्हायचो. जिथे कंटाळून मी वेळ मारून नेलेली असे, घडी नेमकी तिथेच असायची. हे त्यांना कसं दिसायचं, मला आजही उमगलेलं नाही.

पुढे बाईंची नजर गेली, स्पर्धा थांबली. मुलगी त्यांना पुण्याला न्यायला आली, त्याच्या आदल्या दिवशी मी नवी कथा घेऊन गेलो. एकदा तरी मला बाईंना शेवटपर्यंत न्यायचं होतं. पुण्याला गेल्यावर त्या फार दिवस राहिल्या नाहीत, त्यामुळे तीच आमची शेवटची भेट.

"वाच," त्या म्हणाल्या. "पटेनासं झालं की हात वर करीन."

पुराचं पाणी उद्या कुठवर चढेल ते आदल्या दिवशी सांगणारं एक यंत्र महाडात येतं, अशी कथा होती. बाजारपेठेतल्या एका म्हातारीला ते सावध करतं. ती घर सोडत नाही, पापडांचे डबे माळ्यावर चढवत बसते. पाणी जिन्याला लागतं, तिथे कथा संपते. मी वाचत होतो कागदावरचं, पण लक्ष सगळं बाईंच्या हाताकडे. कथा संपली तरी तो मांडीवरच होता.

बाईंनी मान माझ्या दिशेला वळवली. मग म्हणाल्या, "म्हातारी चढली का रे वर?"

कथा तिथेच संपते, असं मी सांगितलं.

"ते कळलं. पण ती चढली का?"

हा विचार मी केलाच नव्हता. घाईघाईने म्हणालो, "चढली, बाई."

बाईंनी हात वर केला.