आयांनी घेतलेली परीक्षा

पोशीर गावात खोली घेऊन मी राहायचे आणि रोज सकाळी डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या ठाकूरवाडीवर, ठाकूर आदिवासींच्या वस्तीत, शिकवायला चालत जायचे. सत्तरच्या दशकाची सुरुवात. माझी पहिलीच नोकरी. एका खोलीत चार वर्ग आणि शिकवणारी मी एकटी. मुलं पुस्तकातले धडे सुरात म्हणायची. मला वाटायचं, छान चाललंय.

एका शनिवारी शाळा सुटायच्या सुमारास एक आई आली. डोक्यावरची मोळी तिने भिंतीला टेकवली आणि दारातूनच म्हणाली, "बाई, माझी पोर काय शिकली ते दावा."

तिची मुलगी दुसरीत होती. मी तिला धडा वाचायला लावला. तिने तो न अडखळता म्हटला. आईचं समाधान झालं नाही.

"ह्ये तं ती घरी बी म्हनते, पुस्तक नसलं तरी. पाठ हाय तिला."

मी पुस्तक मिटलं. मग तीच म्हणाली, "तिला भायेर धाडा. मी सांगते ते तुमी लिवा."

मुलगी बाहेर गेली. आई माझ्या कानाशी कुजबुजली, मी ते फळ्यावर लिहिलं. मुलगी आत आली आणि अक्षरांवर बोट ठेवत वाचू लागली. "ताई... दिवाळीला... येणार." ती थांबली. पुन्हा वाचलं. मग गर्रकन वळली. "आये, खरंच गं?"

तिची मोठी बहीण लग्न होऊन खालापूरकडे गेली होती, वर्षभर माहेरी आली नव्हती. आईने नुसती मान हलवली आणि पदर तोंडाला लावला. मुलीने धावत जाऊन तिला मिठी मारली.

पुढच्या शनिवारी आणखी आया आल्या. कुणी सांगायची, शेळीला दोन पिल्लं झालीत. कुणी, आज घरी रानातले करांदे उकडलेत. वाचता आलं की मूल उड्या मारत घरी पळायचं. नाही आलं, तर आई मुलाकडे बघायची नाही, माझ्याकडे बघायची. "पुढल्या शनवारी येईल नव्हं?" त्या नजरेपायी मी मागे पडलेल्या मुलांना रोज वेगळं घेऊन बसू लागले. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे वेळापत्रकात कुठे बसतं?" पण एका शनिवारी ते स्वतः आयांच्या रांगेत बसले आणि वेळापत्रकाचा विषय तिथेच संपला.

लग्नानंतर माझी बदली मोहोपाड्याला झाली. नवरा रसायनीच्या कारखान्यात. नव्या शाळेत मुलं स्वच्छ, बाकं नवी, पालक प्रगतिपुस्तकावर सही करून पाठवायचे. शनिवारी या, असा निरोप मी आयांना धाडला. दोघीच आल्या, त्याही मुलाचा नंबर कितवा ते विचारून गेल्या.

मी परत वाडीवर बदली मागितली. कचेरीतल्या कारकुनाला वाटलं, माझी काहीतरी गफलत झाली. "बाई, लोक तिथून इकडे यायला अर्ज करतात."

मग मुलं झाली, नवऱ्याच्या पाळ्या बदलत राहिल्या, अर्ज तसाच मागे पडला. शनिवारची सकाळची शाळा सुटली, की मी मात्र लगेच निघत नसे. रिकाम्या वर्गात दार उघडं ठेवून बसायचे. बाहेर शिपाई कुलूप घेऊन ताटकळायचा.