दादाचं मेडल, माझं नाव

लोकांची गाऱ्हाणी कागदावर उतरवून पोट भरणारा माणूस मी. केजच्या तहसील कचेरीसमोर बसून अर्ज लिहितो, उर्दूत आणि मराठीत. रोज इतकं खोटं ऐकतो की भुताखेतावर विश्वास बसायचा कसा? तरी हे लिहितोय... हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

माझा थोरला भाऊ महादूदादा मोठ्या लढाईच्या काळात मुंबईच्या गोदी पोलिसात शिपाई होता. भरतीला शाळेचं सर्टिफिकेट लागतं असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं, आणि दादा तर अंगठेबहाद्दर! म्हणून माझं सर्टिफिकेट घेऊन गेला आणि तिथं 'नारायण' झाला. गोदीवर पहारा करता करता तापानं तिथंच गेला.

दोन वर्षांनी पोस्टानं चांदीचं मेडल आलं. कडेवर नाव कोरलेलं — माझं. वहिनीला वाचता येत नाही, मीही बोललो नाही. आमच्यात गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून देवघरात पुजतात. वहिनी म्हणाली, त्यांच्या कष्टाची चांदी घरात असताना येगळा टाक कावून करायचा? तिनं मेडलला हळदकुंकू वाहिलं. म्हणजे बघा, जित्या माणसाच्या नावाची पूजा सुरू झाली. मी तेव्हाच तोंड उघडायला पाहिजे होतं.

आठ दिवसांत माझं अन्नावरचं मन उडालं. अंग गार पडायचं आणि कातडीवर मीठ फुटायचं, पांढरं, बोटाला लागणारं. हकीम म्हणाले, घाम आहे. माझी बायको सरू रात्रंदिवस उशाशी बसून रडायची. मी मरणार, हे आम्हा दोघांनाही कळून चुकलं होतं.

एका दुपारी भिंत धरत धरत अंगणातून घरात येत होतो. उंबऱ्यात पाय ठेवला आणि देवघरातून दादाचा आवाज आला — "हुकुमदार!"

पहाऱ्यावरचा शिपाई असंच हटकतो. तीन हाकांत नाव सांगितलं नाही तर गोळी. रजेवर आला तेव्हा दादानंच सांगितलेलं. दुसरी हाक आली. कसाबसा बोललो, "दादा, मी हाय... नारायण."

"नारायण तर मी हाय. तू कोन?"

मला मरायचं नव्हतं हो, बस्स. तोंडातून निघून गेलं, "महादू."

"जा आत."

त्याच दिवशी अंगात ऊब आली, दोन भाकरी खाल्ल्या. वहिनी चुलीपाशीच होती, तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. कालपर्यंत मला 'भावजी' म्हणणारी ती बाई खाली बघत म्हणाली, "अवं, अजून एक वाढू का?"

मेडल काढून ठेवलं, नावाची सगळी हकीकत दोघींना सांगितली. दोघी ऐकून घेतात, मान हलवतात. लई जाणत्या लोकांना विचारलं, कुणाला उलगडा झाला न्हाई. मलाही न्हाई. आणि माझी सरू... मी घरात आलो की पदर ओढून दाराआड होते, थोरल्या दिरापुढं व्हावं तशी.