वाढत्या अंगाची बंदूक

आमच्या घरात सगळं वाढत्या अंगाचं घेतलं जाई. शाळेचा फ्रॉक गुडघ्याखाली वीतभर, बुटांच्या टोकात कापूस. पनवेलच्या बाजारात कुठल्याही दुकानदाराने टेप काढली की मी सवयीने म्हणायचो, "एक नंबर मोठंच द्या." त्या सवयीच्या आड लपून मी एकदा खोटं बोललो. सात वर्षं ते पोटात ठेवलं. आता ठेवणार नाही.

माझ्या मुलीला पंधराव्या वर्षी क्ले शूटिंगचं वेड लागलं. यंत्राने हवेत भिरकावलेली मातीची थाळी बंदुकीने फोडायची, असा हा खेळ. वर्षभर ती रेंजवरच्या बंदुकीवर शिकली आणि मग तिला स्वतःची हवी झाली. परवाना मी माझ्या नावावर काढला, कारण तिचं वय बसत नव्हतं. मग आम्ही दोघं मुंबईतल्या एका दुकानात गेलो. दुकानदार मूळचे उरणचे, पांढऱ्या दाढीचे. सगळे त्यांना चाचा म्हणत.

चाचांनी एक दुनळी काढून तिच्या हातात दिली. "बेटा, डोळे मीट. आता खांद्याला लाव. हां, उघड. काय दिसतं?"

"नळीच्या टोकाची माशी." माशी म्हणजे नेम धरायचा बारीक मणी.

"आणि नळी?"

"नाही दिसत. नुसती माशी."

"बस. हीच तुझी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, बंदूक चपलेसारखी. चावली की माणूस चालणं सोडतो."

तेवढ्यात मी शेजारची उचलली होती. खांद्याला टेकणारा अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, पोलादावर बारीक वेलबुट्टी. सहज म्हणून डोळे मिटले, खांद्याला लावली, उघडले. समोर नुसती माशी. मी थोरल्या भावाचे कपडे घालून वाढलेला माणूस. माझ्या मापाची वस्तू हातात यायची मला सवयच नव्हती.

"ही घेऊ," मी म्हणालो. "वाढत्या अंगाची आहे."

"बाबा, लांब होतेय. जड पण आहे."

"अगं, वाढशील की!"

ती काडतुसांचे पट्टे बघायला पलीकडे गेली, तेव्हा चाचा हळूच म्हणाले, "सोळा वर्षांची पोरगी आता किती वाढणार, साहेब? दीड इंच जास्त आहे तिला. घेताय तर निदान दस्ता कापून घ्या."

"बघू," मी म्हणालो.

कापला नाही. कापला असता तर ती माझी राहिली नसती.

पुढे रेंजवर रोज तेच. दस्ता तिच्या काखेत अडकायचा, बंदूक वर येईपर्यंत थाळी लांब गेलेली असायची. धक्का खांद्याच्या खोबणीत बसायचा सोडून दंडावर बसायचा. दंड काळानिळा. मे महिन्यात पोरगी पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायची. आणि मी मागे उभा राहून सांगायचो, "खांदा चोरू नकोस. हिंमत धर." बारावीच्या आधी तिने सोडलं. नातेवाइकांना मी सांगितलं, पोरीच्या जातीला धक्का सोसवत नाही. हे वाक्य माझंच आहे. पुढच्या रविवारपासून मी त्याच बंदुकीने खेळायला लागलो. थाळ्या चांगल्या फुटत होत्या.

ती नोकरीला लागली, त्यानंतर एका रविवारी सहज माझ्याबरोबर रेंजवर आली. नुसती बघत बसली. परत येताना पळस्प्याला चहाला थांबलो, तेव्हा म्हणाली, "किती सहज बसते हो तुम्हाला ती. मीच कच्ची होते."

मी गाडीच्या किल्लीशी खेळत होतो. किल्ली खाली ठेवली.

"कच्ची नव्हतीस तू. ती माझ्या मापाची आहे. मला दुकानातच कळलं होतं. चाचांनी सांगितलंही होतं. मला ती हवी होती."

तिने चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाली, "आईला माहितीये?"

"नाही."

"आज सांगा. माझ्यासमोर."

सांगितलं. तिची आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबरच होतं तिचं.

तिसऱ्या दिवशी मी मुलीला म्हणालो, "दस्ता कापून आणतो. आजच."

"तुमची उतरलेली नको मला," ती म्हणाली. "माझ्या परवान्यावर, माझी घेईन."

परवान्याला कित्येक महिने गेले. प्रत्येक खेपेला मी बरोबर गेलो आणि बाकावर बसून राहिलो. चौकशीच्या वेळी हवालदार मला म्हणाला, "साहेब, मुलीला कशाला हवी बंदूक?"

"तिला विचारा," मी म्हणालो. त्याने विचारलं. तिने खुर्ची पुढे ओढून सविस्तर सांगितलं.

परवाना हातात आल्यावर आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. चाचा आता काठी घेऊन चालत होते, पण त्यांनी ओळखलं. काउंटरवर तीन बंदुका मांडल्या. एक फार देखणी होती. मी हात पाठीमागे घट्ट धरले. तिने एकेक उचलली, डोळे मिटले, उघडले, ठेवली. देखणी तर पहिल्याच फेरीत बाजूला सारली. साधी, काळपट दस्त्याची तिसरी मात्र चार वेळा लावून पाहिली.

"बाबा, काही म्हणायचंय?"

"नाही."

"चाचा, ही बसते. पण अर्धं बोट लांब वाटते."

"आहे, बेटा. कापू?" विचारलं तिला, पण चष्म्यावरून त्यांनी बघितलं माझ्याकडे.

"मला काय विचारता?" मी म्हणालो. "बंदूक तिची आहे."

"कापा," ती म्हणाली, आणि माप द्यायला कोपर वाकवून उभी राहिली.