अक्का, खरंच कुणी नाही ना?

बंगळुरूत गवीपुरमच्या आमच्या गल्लीत संयोगिताला सगळे संयूअक्का म्हणतात. तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. हेब्बाळच्या एका कंपनीत ती वेबसाइट बनवण्याचं काम करते. लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर तिचं म्हणावं असं माणूस एकच उरलं, धाकटा भाऊ गिरीराज. तो होसकोटेच्या एका कारखान्यात मशिनवर असतो आणि तिथेच खोली घेऊन राहतो. दर रविवारी जेवायला मात्र घरी यायचा.

त्यांच्या आईचं, सोयराबाईंचं, ऑपरेशन ठरलं तेव्हा कळलं की तिचा रक्तगट फार दुर्मिळ आहे. बॉम्बे रक्तगट म्हणतात त्याला. त्या गटाच्या माणसाला दुसऱ्या कुणाचं रक्त चालतच नाही, फक्त त्याच गटाचं लागतं. दावणगेरेहून एक अनोळखी बाई बसने आली, रक्त दिलं आणि चहाही न घेता परत गेली. सोयराबाई त्यानंतर बरीच वर्षं जगल्या. मुलांची तपासणी केली तर गिरीला आईचाच गट निघाला, संयूअक्काला वडिलांचा. तेव्हापासून गिरी रक्त देऊ लागला. आपल्याला देता येत नाही, ही रुखरुख संयूअक्काला लागून राहिली.

म्हणून तिने या गटाच्या लोकांसाठी एक साइट केली. आधी ती सगळ्यांना फोन करायची, पण दलालांच्या हाती नंबर गेले आणि लोक वैतागले. साइटवर नंबर ठेवलेच नाहीत. रक्त हवं असेल त्याने तिथे नोंदवायचं. देणाऱ्याने रोज सकाळी पान उघडून बघायचं आणि जमत असेल तर ‘येतो’ हे बटण दाबायचं. कुणाची मागणी नसेल त्या दिवशी पानावर एकच ओळ यायची : आज कुणालाही गरज नाही. गिरी म्हणायचा, ही ओळ वाचली की दिवस चांगला जातो.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. होसकोटेच्या एका दवाखान्यात कल्पना नावाची मुलगी बाळंत झाली. मूल सुखरूप होतं, पण तिचा रक्तस्राव थांबेना. तिचा नवरा दयानंद चिकोडीकडचा, तोही तिथल्याच एका कारखान्यात कामाला. डॉक्टरांनी साइटचं नाव सांगितलं आणि पहाटेच त्याने मागणी नोंदवली. तुमकूरचा एक मुलगा, आदल्याच दिवशी नाव नोंदवलेला, लगेच निघाला, पण ट्रॅफिकमध्ये अडकला. जुन्यांपैकी कुणीच बटण दाबलं नाही. संयूअक्का सकाळपासून मीटिंगमध्ये होती. दुपारी तिने मागणी बघितली आणि गिरीला फोन लावला. कारखान्यात फोन गेटवरच जमा करावे लागतात. पाळी संपल्यावर त्याने तिचे फोन बघितले आणि तसाच दवाखान्याकडे पळाला. तो पोचला तेव्हा कल्पनाचा मृतदेह बाहेर आणत होते.

त्या संध्याकाळी तो घरी आला. संयूअक्काने त्याला बसही म्हटलं नाही.

“सकाळपासून मागणी होती, गिरी.”

“मी गेटवर फोन देण्याआधी बघितलं, अक्का. गरज नाही, असंच लिहिलं होतं.”

तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. कल्पनाचं नाव, दवाखाना, नोंदवल्याची वेळ, सगळं समोर होतं.

“विसरलास तर विसरलो म्हण. खोटं कशाला बोलतोस? आईसाठी ती बाई दावणगेरेहून आली होती. तुला गावातल्या गावात जाणं झालं नाही?”

त्याने ते नाव आणि वेळ पुन्हा वाचली. मग चपला घालून निघून गेला. पुढच्या रविवारी आला नाही. दिवाळीलाही आला नाही. तिने दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही. तिलाही राग होता, मग तिनेही सोडून दिलं.

कार्तिक संपता संपता सत्यवतीबाईंचा फोन आला. या हेब्बाळला राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका, साइटवरच्या अगदी पहिल्या लोकांपैकी. त्यांनी हसत विचारलं की हल्ली सगळे ठणठणीत आहेत वाटतं, कितीतरी दिवसांत कुणाची मागणीच नाही. संयूअक्काला हे चमत्कारिक वाटलं, कारण म्हैसूरच्या एका मुलासाठी त्याच दिवशी मागणी होती. जेवणाच्या सुट्टीत ती त्यांच्या घरी गेली आणि त्यांचा फोन हातात घेतला. पान उघडलं. आज कुणालाही गरज नाही.

ती मला म्हणाली, “उभ्या उभ्या सगळं कळलं मला.”

साइट चालवणारी एक स्क्रिप्टची फाइल असते. एकदा साइट उघडली की ब्राउझर ती फाइल फोनमध्ये साठवून ठेवतो आणि पुढच्या वेळी पुन्हा मागवत नाही. फाइल बदलली तर तिच्या नावापुढे नवा आकडा लावावा लागतो. तरच ब्राउझरला ती नवी वाटते आणि तो ताजी प्रत आणतो. कल्पनाच्या बाळंतपणाच्या दोन दिवस आधी संयूअक्काने मागण्या नव्या जागी साठवायला सुरुवात केली होती आणि त्यासाठी फाइल बदलली होती. आकडा लावायचा राहून गेला. कंपनीत हे काम आपोआप होतं, घरच्या साइटवर हाताने करावं लागायचं. तिच्या लॅपटॉपवर, कामाच्या सोयीसाठी, दर वेळी ताजीच प्रत येईल असं तिने करून ठेवलेलं होतं. तिथे कधी काही चुकलं नाही. नवीन आलेल्यांना नवी फाइल मिळत होती, म्हणून तुमकूरच्या मुलाला मागणी दिसली. वर्षानुवर्षं रोज सकाळी नेमाने पान उघडणारे जे होते, त्यांच्याच फोनमध्ये जुनी फाइल होती, आणि ती रिकाम्या झालेल्या जुन्या जागी बघून येत होती.

सत्यवतीबाईंच्या सोफ्यावर बसूनच तिने तो आकडा लावला. फोनवर म्हैसूरच्या मुलाचं नाव आलं. सत्यवतीबाई लगेच पिशवी भरू लागल्या. संयूअक्का कंपनीत परत न जाता होसकोटेला निघाली.

गिरी कामावरून नुकताच आला होता. दाढी वाढली होती, अंगावरचा शर्ट सैल झाला होता. तिने दारातच सांगितलं, “गिरी, तू खरं बोलत होतास.” मग एकेक करून सगळं सांगितलं. संपल्यावर तो म्हणाला, “म्हणजे मी बघितलं होतं?”

“हो.”

“नीट बघितलं होतं?”

“नीट बघितलं होतंस रे.”

तो खाटेवर बसला. “तू स्क्रीनवर दाखवलंस ना, तेव्हा मला वाटलं मीच चुकलो असेन. अक्का कशाला चुकेल? मग हळूहळू मला आठवायलाच लागलं तसं. फोन काढला, वेळ झाली म्हणून पान न उघडताच खिडकीत दिला. गेटवरच्या माणसाचा चेहरासुद्धा आठवत होता. मी दयानंदकडे जाऊन सांगितलं, तुमच्या बायकोला माझ्यामुळे रक्त मिळालं नाही.”

दयानंदने तेव्हा दार लावून घेतलं होतं. पण ही गोष्ट त्या औद्योगिक वसाहतीत पसरली आणि कँटीनमध्ये गिरीच्या टेबलावर कुणी बसेनासं झालं. त्याला ते बरोबरच वाटत होतं.

रविवारी दोघं दयानंदकडे गेली. बाळ त्याच्या मांडीवर झोपलं होतं. संयूअक्काने काहीही न लपवता सांगितलं, चूक माझी, याची नाही. तिला वाटलं होतं तो ओरडेल, अंगावर धावून येईल. तो बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं करत राहिला.

“रोज ह्याला शिव्या घालत होतो मी,” तो म्हणाला. “तेवढ्यावर दिवस जात होता. आता तुम्ही म्हणता, कुणी दुष्टपणा केला नाही, कुणी आळस केला नाही. एक आकडा राहिला. आकड्याला काय बोलू, अक्का?”

बाळ जागं होऊन रडू लागलं. तो त्याला घेऊन आत गेला तो बाहेर आला नाही. त्याच्या आईने हातानेच, या आता, असं सांगितलं. परतीच्या वाटेवर गिरीने अक्काचा हात धरला होता. तिला तेच जास्त सोसवेना.

हे सगळं तिने मला आमच्या गच्चीवर सांगितलं, वाळलेले कपडे काढता काढता. साइट चालू आहे. फाइल बदलली की आकडा आता आपोआप बदलतो, आणि तरीही ती शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फोन मागून तपासते. गिरी पुन्हा रविवारी जेवायला येतो, रक्तही देतो. तिच्यावर तो एकदाही चिडला नाही.

पण रोज सकाळी, गेटवर फोन देण्याआधी, पान बघून झालं की तो तिला फोन करतो.

“अक्का, इथे गरज नाही असं लिहिलंय. खरंच कुणी नाही ना?”

ती आपल्या स्क्रीनवर बघते, मग दुसऱ्या फोनवर बघते, आणि सांगते, “नाही रे. कुणी नाही. जा तू कामाला.”