सहा दात आणि अडतीस घड्याळं

आमच्या घरात पुस्तकं आईची आणि कपाट बाबांचं. हे भांडण माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. आई वाचते, बाबा सजवतात. पाच कप्प्यांच्या त्या कपाटात पुस्तकांच्या पुढे बाबांची जुनी मनगटी घड्याळं मांडलेली असतात आणि प्रत्येक कप्प्याला एक विषय असतो. समुद्राच्या कप्प्यात शिंपले, पितळी नांगर, एक मोडकं लाकडी जहाज आणि पाणबुड्यांची जाड काचेची घड्याळं. रेल्वेच्या कप्प्यात गार्डची शिट्टी आणि मोठ्या आकड्यांची घड्याळं. दवाखान्याच्या कप्प्यात थर्मामीटर. बायकांच्या कप्प्यात नाजूक सोनेरी घड्याळं, एक फणी, अत्तराची बाटली आणि पाककृतींची दोन पुस्तकं. तो कप्पा पहिल्यांदा पाहिला तेव्हा आई म्हणाली होती, "एवढंच? एक केरसुणीपण ठेवा की."

तिचा खरा राग समुद्रावर. "माझंच पुस्तक काढायला मला अख्खा समुद्र उपसावा लागतो," असं ती आल्यागेल्याला सांगते.

बाबा पाणीखात्यात होते. रस्त्याखालच्या नळातून पाणी कुठे गळतंय ते शोधायचं काम. एक लांब लोखंडी सळई नळाला टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि ऐकायचं. खात्यात त्यांना सगळे 'कानसेन' म्हणत. नवीन होते तेव्हा त्यांच्या मुकादमाने त्यांना एक युक्ती शिकवली होती. वर गाड्यांचा गोंगाट असला की सळई कानाला लावायची नाही, दातात धरायची. आवाज हाडातून थेट आत जातो. "कान फसवतो, दात खोटं बोलत नाहीत," असं तो मुकादम म्हणायचा. ही गोष्ट मी शंभरदा तरी ऐकली असेल. शंभर वेळा 'हो हो' केलं असेल.

घड्याळांचा नाद त्या ऐकण्यातूनच लागला. वेळ बघायला त्यांनी एकही घड्याळ घेतलं नाही. जुन्या बाजारात जायचे, चावी द्यायचे, कानाला लावायचे. टिक आणि टॉक सारख्या अंतरावर पडले तर घड्याळ निरोगी, अंतर कमी-जास्त झालं तर ते लंगडतंय. लंगडणारं घ्यायचं, घड्याळजीकडून बरं करून घ्यायचं, मग त्याला कपाटात जागा मिळायची. अशी अडतीस जमली. रविवारी सकाळी सगळ्यांची तपासणी.

फसले ते एकदाच. बाजारात कर्णा लावलेला, बाबांना सर्दी, आणि विक्रेता बोलबच्चन, 'चावी दिलेलीच आहे' म्हणणारा. सुंदर पांढरी तबकडी, दोनच काटे, सेकंदाचा काटा नाही. घरी आणून मागचं झाकण उघडलं तर आत काहीच नाही. मशीनच काढून घेतलेलं. "नाव मोठं लक्षण खोटं," म्हणत आई दोन दिवस हसत होती. बाबांनी ते मोडक्या जहाजाशेजारी ठेवून दिलं. "बुडालेल्या जहाजात कुठे कोणी असतं?" म्हणाले. अडतिसांत त्याची गणती नव्हती आणि रविवारच्या तपासणीत त्याची पाळी नव्हती.

पन्नाशीनंतर त्यांचे कान गेले. आधी उजवा वाहायला लागला, मग डावा. आम्ही कानाचं मशीन आणलं. आमचं बोलणं त्यांना पुन्हा ऐकू यायला लागलं, त्यामुळे आमच्या लेखी प्रश्न मिटला. त्या मशीनमधून घड्याळं मात्र ऐकू येत नव्हती. बाबांनी दुकानात विचारलं, तर तिथली मुलगी म्हणाली, "काका, माणसाचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून हे मशीन असले बारीक आवाज गाळून टाकतं." बाबा 'बरं' म्हणून घरी आले. त्या दिवसापासून रविवारी ते आमच्याकडे पाठ करून बसायला लागले. एकदा मी पुढून गेले तर घड्याळ दातात धरलेलं! आई आतून ओरडली, "नाश्ता देतेय हो मी, घड्याळं कशाला खाताय?" आम्ही दोघी पोट धरून हसलो. म्हाताऱ्या माणसाच्या सवयी, दुसरं काय.

सत्तरीला त्यांच्या तोंडात समोरचे सहा दात उरले होते आणि सहाही हलत होते. हिरड्या सुजायच्या, ताप यायचा. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, सगळे काढा, कवळी बसवू. बाबा म्हणाले, "असू देत. सहाच तर आहेत, कोणाला त्रास देतायत?" आईने समजावलं, मामाने फोन केला, शेजारच्या काकूंनी स्वतःची कवळी काढून दाखवली. बाबा ऐकेनात.

मी शाळेत शिकवते. हट्टी मुलांना सरळ करायची मला सवय आहे आणि त्याचा थोडा माजही आहे. मी सुट्टी टाकली, रिक्षा दारात उभी केली आणि म्हटलं, "बाबा, दात आहेत ते, जीव नाही. चला." त्यांनी चप्पल घातली. डॉक्टरांना त्यांनी एकच गोष्ट विचारली, "कवळी हाडाला लागून बसते का?" डॉक्टर म्हणाले, नाही, हिरडीवर बसते. मला हसू आलं, हा काय प्रश्न! दोन बैठकींत सहाही दात निघाले आणि मी सगळ्यांना फोन करून सांगितलं की मोहीम फत्ते.

कवळी आली त्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. बाबा कपाटासमोर बसले होते. घड्याळ कवळीत धरलं. मग कवळी काढली आणि हिरडीत धरलं. मग कपाळाला लावलं, कानामागच्या हाडाला लावलं, हनुवटीला लावलं. मग मांडीवर ठेवलं आणि नुसते बसून राहिले.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही गं. बंद झालं."

"घड्याळ?"

"नाही. ऐकणं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सळई, मुकादम, दातात धरलेली घड्याळं, डॉक्टरांना विचारलेला प्रश्न. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी शहाणी ते बघत नव्हते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुम्ही सांगितलं का नाही?" म्हणून मी त्यांच्यावरच ओरडले.

ते म्हणाले, "घड्याळं ऐकायला दात ठेवा, असं कसं सांगू? तुम्ही हसला असतात."

हसलोच असतो. मी पुन्हा डॉक्टरांकडे धावले. दात हाडात पक्के रोवता येतात असं ऐकलं होतं. डॉक्टरांनी फोटो दाखवला, हाड झिजून गेलं होतं, रोवायला जागाच नव्हती. ताप आणि सूज तेवढी गेली. आई म्हणाली, "काटे दिसतात ना डोळ्यांना, मग झालं तर." बाबा म्हणाले, "काटे वेळ सांगतात. तब्येत कानालाच कळते."

म्हणून ते काम मी अंगावर घेतलं. दर रविवारी मी त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसायचे. ते एकेक घड्याळ द्यायचे, मी कानाला लावायचे. "एकसारखं की लंगडतंय?" ते विचारायचे. सुरुवातीला मी श्वास रोखून ऐकायचे. पंखा बंद, खिडक्या बंद, आईला स्वयंपाकघरात हलायची बंदी. तीन घड्याळांचं लंगडणं मी पकडलं आणि घड्याळजीने तिन्हींना मान डोलावली. बाबांनी त्या दिवशी मला 'कानसेन' म्हटलं. इतका आनंद मला माझ्या नोकरीच्या पत्रानेही झाला नव्हता.

पण रविवार दर आठवड्याला येतो आणि घड्याळं अडतीस. परीक्षांचे पेपर, मुलीचा क्लास, गावभरचे निरोप. हळूहळू पंखा चालू राहायला लागला. मग एका कानाला घड्याळ आणि दुसऱ्या हातात फोन. "एकसारखं, बाबा. एकसारखं. हे पण एकसारखं." वर्षभरात एकही घड्याळ लंगडलं नाही. अडतीस म्हाताऱ्या घड्याळांपैकी एकालाही वर्षभर काही झालं नाही, हे मला खटकलं नाही. ज्याने आयुष्यभर गळती शोधली त्याला खटकलं असणार.

त्या रविवारी शाळेच्या ग्रुपवर सुट्टीवरून वाद पेटला होता. बाबांनी घड्याळ दिलं, मी कानाला लावलं, डोळे फोनवर.

"एकसारखं की लंगडतंय?"

"एकसारखं, बाबा. मस्त चालतंय."

त्यांनी माझ्या हातातून ते घेतलं, रुमालाने काच पुसली आणि कपाटाकडे वळून समुद्राच्या कप्प्यात ठेवलं. मोडक्या जहाजाशेजारी.

मी फोन खाली ठेवला. पांढरी तबकडी, दोनच काटे. त्यांनी मागे वळून बघितलंही नाही. रागावले असते तर मी पाय धरले असते. त्यांनी पुढचं घड्याळ उचललं आणि माझ्यासमोर धरलं.

"हे बघ."

मी उठून पंखा बंद केला, दार लावलं, आतला मिक्सर थांबवायला लावला. घड्याळ कानाला घट्ट दाबून धरलं. टिक जवळ, टॉक लांब. टिक जवळ, टॉक लांब.

"हे लंगडतंय, बाबा."

ते माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले. लहानपणी मी पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवायचे तेव्हा असेच बघायचे.

"खरंच?"

"खरंच. शप्पथ."

मी खरं बोलत होते. ते खरं आहे हे त्यांना कळायला मात्र आता काहीच साधन नव्हतं. होतं ते मीच रिक्षात घालून नेऊन उपटून आणलं होतं. बाबांनी ते घड्याळ घड्याळजीकडे न्यायच्या डबीत ठेवलं, झाकण लावलं आणि पुढचं घड्याळ माझ्या हातात दिलं. माझ्याशिवाय त्यांना दुसरा कान नव्हता.