झोपडीच्या दारातून

हे मी कोणाले सांगतलं नाई. नवऱ्याले नाई, पोटच्या पोरीले नाई. तुम्ही समोर बसले म्हणून तोंड उघडून राह्यली — मधी मले सावरायले येऊ नका.

चांदा जिल्ह्याच्या जंगलात, अहेरीच्या अल्याड, आमची छावणी होती. पन्नास सालानंतरची गोष्ट. मी नर्सिंग शिकत होती, माझ्यासंगतचा केशव डॉक्टरकी. खेड्यात दोघांनी मिळून काम कसं करायचं, तेच शिकायले आम्हाले धाडलं होतं. जो जवळ असेल त्यानं पाहायचं, दुसऱ्यानं त्याच्या शब्दावर चालायचं — मोठे डॉक्टर रोज हेच घोकवत.

तिथल्या गोंड गावात बाळंतिणीची झोपडी वेगळी, गावाबाहेर. पुरुषानं आत पाय टाकायचा नाई. बाई आत गेली, तर नदीवर डोक्यावरून आंघोळ केल्याबिगर तिनं कोणाले शिवायचं नाई. म्हणून केशव झाडाखाली थांबायचा, अन् मी आत पाहून त्याले सांगायचं.

त्या दिवशी सोमी बाळंत झाली. पहिलटकरीण. आम्ही पोचलो तवा पोरगं रडत होतं. सोमीचा मात्र आवाज नाई. मले तवाच खटकलं — पण खरं सांगू? माझं ध्यान छावणीच्या जीपकडं होतं. अहेरीचा बाजार होता, जीप निघायच्या बेतात. आत गेली असती तर आंघोळ, ओलं लुगडं, अन् बाजार हुकला. बांगड्या घ्यायच्या होत्या मले. बांगड्या!

मी दारातच थांबली. सोमीच्या सासूनं आतूनच पानावर वार, बाळामागून पडते ती, धरून दाखवली. ती हातात घ्यायची, पसरायची, एखादा तुकडा पोटात राह्यला का ते पाहायचं, राह्यला तर रक्त थांबत नाई — हे काय मले ठाऊक नव्हतं? अंधारात काईच दिसलं नाई. मी ठीक आहे म्हणून मान डोलावली.

"वार पूर्ण पडली ना?" केशवनं विचारलं. "नसली तर जीप थांबवतो. दवाखान्यात नेऊ तिले."

"पूर्ण आहे," मी म्हणलं.

जीप सुटली. मी तिच्यातच बसली, केशव गावातच थांबला.

बाजारातून परत आली तवा गाव चिडीचूप. सोमीचं रक्त थांबलंच नव्हतं. शेवटी केशव रीत मोडून आत घुसला होता — हात कोपरापर्यंत लाल. सोमी गेली होती. पुरुष आत गेला म्हणूनच मेली, असं गाव म्हणू लागलं. मोठ्या डॉक्टरांनीही त्यालेच झापलं. अन् मी? नव्या बांगड्या पदराखाली झाकून उभी.

केशव माझ्याकडं आला. हळूच विचारलं, "बाई, तुम्ही नीट पाह्यलं होतं ना?"

"हो," मी म्हणलं. दुसऱ्यांदा.

"मंग माझ्याच हातून काही चुकलं."

त्यानं डॉक्टरकी सोडली. मी नर्स झाली, लोक पाया पडले माझ्या. सोमीले मी मारलं. ती दिसायले कशी होती, हे मले आजही सांगता येत नाई — मी आत गेलीच नव्हती.