मोकळा कोपरा

आमच्या पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये खाऱ्या पाण्याचा फिशटँक आहे. त्याखालच्या फिल्टरच्या टाकीत ऊन शिरून सारखं शेवाळ धरायचं, म्हणून दुकानदारानं एक माणूस पाठवला. चाकणची रातपाळी संपवून तो थेट आला होता. डोळे तारवटलेले, तरी त्या टाकीच्या काचेवर काळा चिकट कागद लावताना एकेक बुडबुडा त्यानं अंगठ्यानं मायेनं बाहेर काढला. एक कोपरा मात्र चिकटवलाच नाही.

"हा राहिला की!" मी जरा चिडूनच म्हणालो.

"राहू द्या, भाऊ. आत बघायला लागतंय. मला दिवसा झोपायला आमच्या खिडकीला बाहेरनं असाच कागद हाय. बायको दिवसपाळीवरनं आली की कोपऱ्यातनं डोकावती, मी उठलोय का."

आता टाकीत बघायचं असलं की मी तो कोपरा अगदी हळू उचलतो, आत कुणीतरी झोपलं असावं तसा.